आधी आकडा, मग दूध

“आणि मधली एखादी नोंद गेली तर?” आक्कांनी विचारलं.

“तर खालचे आकडे आपोआप वर सरकतात,” जयवंत म्हणाला. “मधे भोक राहत नाही.”

आक्कांनी मान वळवून नव्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं.

अनाथाश्रमाच्या फाटकात एक पाळणा टांगलेला आहे. कुणी त्यात मूल ठेवून गेलं की घंटा वाजते. गेली छत्तीस वर्षं आक्का धावत जातात, मूल उचलतात आणि त्याचं अंग पुसण्याच्याही आधी वहीत ओळ घालतात. तारीख, आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक. आधी आकडा, मग दूध. कामावर आलेल्या नव्या बाया यावरून कुजबुजतात.

जयवंत त्याच पाळण्यातून आलेला. पाटीवर अंक गिरवायला त्याला आक्कांनीच शिकवलं. आता तो पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, आणि आश्रमासाठी त्याने नोंदींचा डेटाबेस करून आणला होता. फुकट. फुकट केलेल्या कामाचा गर्व माणसाला जरा जास्तच होतो. त्यालाही झाला होता.

“हे बघा.” त्याने बटण दाबलं. पडद्यावर आजची तारीख उमटली, तिच्यापुढे ००१. “तारीख हाच घालतो, आकडाही हाच घालतो. उद्या पुन्हा एकपासून सुरू. तुम्ही हातसुद्धा लावायचा नाही.”

“हुशार आहे.”

“जुन्या वह्याही सगळ्या टायपिस्ट लावून यात चढवल्यात. आता त्यांचं काम संपलं. उद्या रद्दीवाला येतोय. वाळवी लागलीय आक्का, किती दिवस सांभाळणार?”

“सगळ्या ओळी चढल्या?”

“एकोणचाळीस सोडून. त्यांत नावच नव्हतं. नाव नसेल तर हा नोंद घेत नाही, मीच तसं बसवलंय. अर्धवट माहिती काय कामाची?”

आक्का पदराने चष्मा पुसू लागल्या.

“तुझी नोंद काढ.”

जयवंतने नाव टाकलं. १९-९-९४, ००१. तो हसला.

“वहीत मी दोन नंबर होतो. लहानपणी फार राग यायचा त्याचा. आता बघा, पहिला आलो.”

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कपाटातून एक वही काढली. पानं चाळली नाहीत. बोट घालून नेमकं ते पान उघडलं आणि वही त्याच्यापुढे कीबोर्डवरच ठेवली.

जयवंतने वाचलं.

१९-९-९४ / १. सकाळी नऊ. मुलगी. वजन सव्वा किलो. दुपारी तीनला गेली.

१९-९-९४ / २. सकाळी नऊ. मुलगा. वजन पावणेदोन किलो. दोघं एकाच दुपट्यात.

त्याने पुन्हा वाचलं. मग पुन्हा. जगात आपलं असं कुणी नाही, हे त्याने तीस वर्षं धरून ठेवलं होतं. आणि कुणीतरी होतं. सहा तास होतं.

“आक्का... ही...”

“हो.”

“मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही!”

“एक नंबर कुठे गेला, हे तू कधी विचारलं नाहीस.”

“नाव काय होतं तिचं?”

“नाव ठेवायला बाराव्या दिवसापर्यंत जगावं लागतं, बाळा. आकडा लगेच देता येतो.”

फाटकातला पाळणा वाऱ्याने जरासा हलला. घंटा वाजली नाही.

जयवंतने नवी नोंद उघडली. आपोआप आलेली आजची तारीख खोडून १९-९-९४ घालताना दोनदा चुकला. मुलगी. सव्वा किलो. मग त्याने नोंद साठवण्याचं बटण दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली : नाव भरा. त्याशिवाय नोंद होणार नाही.

ती ओळ त्यानेच लिहिली होती. लिहिताना चहा पीत होता, हेही त्याला आठवलं.

त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच अक्षरं.

“आक्का...” त्याला रडू आवरेना. “नावाच्या जागी काय लिहू?”

आक्का बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसल्या. एका सतरंजीवर पोरांना झोपवताना ढकलायच्या, तसं त्यांनी त्याला खांद्याने हलकेच ढकललं.

“काही लिहू नकोस. ती नावाची अट काढ. तू जरा सरक. तिला जागा दे.”