पायरीचा चष्मा

रणनवरे सरकारांना साठाव्या वर्षी वाचायचा चष्मा लागला. त्यातून लांबचं सगळं डुलायचं. पण चारचौघांत चष्मा उतरवणं म्हणजे त्यांना पगडी उतरवण्याइतकं अपमानाचं वाटे. तो घालूनच ते सदरेच्या दगडी पायऱ्या उतरू लागले आणि तीन दिवसांत चारदा आपटले.

"पायरी हलते!" सरकार कडाडले. भिकोबा पाथरवटाला बोलावणं गेलं. "तूच बसवलीस ना ही? आत्ताच्या आत्ता नीट कर, नाहीतर गाव सोड!"

भिकोबानं पायरीवरून हात फिरवला आणि हळहळला. "सरकार, बिचारीचं वय झालं. तिला सरकारांचे पाय नीट दिसत नाहीत. घटकाभर आपला चष्मा तिला लावा."

"पायरीला चष्मा?"

"आपली पायरी आहे. दुसऱ्या कुणाचा कशी लावून घेईल?"

सरकार खूश झाले. मोठ्या मनानं त्यांनी चष्मा पायरीच्या कडेला ठेवला आणि उतरले. कुठंच अडखळले नाहीत. वर गेले, पुन्हा झपाझप उतरले.

"बघ! मी म्हणत नव्हतो? डोळे पायरीचेच गेलेत!"

"अगदी बरोबर, सरकार," भिकोबानं हात जोडले. "आता चष्मा तिच्यापाशीच राहू द्या. आपल्याला काही वाचायचं असलं, की तेवढ्यापुरता मागून घेत जा."