शेजारच्या मागावरचा दगड

एका राज्यात राजाची विणशाळा होती, आणि तिथं भिवरा नावाची साळीण मागावर बसायची. सासरी आली तेव्हाच तिनं एक वसा घेतला होता: शेजारच्या मागावरची जेवल्याखेरीज आपण घास उचलायचा नाही.

त्या विणशाळेला शाप होता. जिचं गाऱ्हाणं तीनदा सांगूनही कुणी मनावर घेतलं नाही, तिचा दगड होई. अशा सात जणी आपापल्या मागावर दगड होऊन बसल्या होत्या. मुकादम त्यांच्यावरची धूळ झटकी. राजा दर दिवाळीला लुगडी धाडी, ती दगडांनाही नेसवीत.

भिवराच्या शेजारी तिची जाऊ ठकू बसे. एके दिवशी ठकू तिसऱ्यांदा म्हणाली, "मुकादम, डोळ्यांपुढं अंधारी येते. खिडकीजवळचा माग द्या."

"तिथं माझी मेहुणी बसते," मुकादम म्हणाला. ठकूचा दगड झाला.

जेवायच्या वेळी भिवरानं भाकरीचं फडकं सोडलं. "ठकूबाई, जेवलीस?" दगड काय बोलणार? तिनं भाकरी पुन्हा बांधली.

मुकादम हसला. "दगड जेवतो होय गं?"

"वसा माझा, उपासही माझा."

सातव्या दिवशी भिवराच्या हातून धोटा गळला. तशी खिडकीतली साळुंकी उडाली, ती थेट राजाच्या खांद्यावर. "राजा, तुझ्या विणशाळेत आठ दगड आहेत, आणि नववी उपाशी मरते आहे."

"मी लुगडी धाडतो की!"

"दगडाला लुगडं कशाला? जा, काय हवं ते विचार."

राजानं आधी ठकूच्या दगडाला विचारायला प्रधान धाडला. दगड हलला नाही. मग स्वतः आला, "काय हवं?" म्हणाला नि माघारी वळला. दगड हलला नाही.

"विचारलंस खरं," साळुंकी म्हणाली, "पण उत्तराला थांबलास का?"

तिसऱ्यांदा राजा जमिनीवर बसला. "ठकूबाई, तुझं गाऱ्हाणं काय?" दुपार टळली. त्यानं मुकुट उतरवून ठेवला. दिवस कलला, तेव्हा दगडाला घाम फुटला.

"महाराज, उजेड हवा होता."

राजानं स्वतः तिला हात धरून खिडकीशी नेलं. मुकादमाला म्हणाला, "आजपासून ही जागा पाळीपाळीनं. तुझी मेहुणीही पाळीनंच."

भिवरानं भाकरी मोडली. आधी ठकूनं घास घेतला, मग तिनं.

राजा एकेका दगडापाशी बसला. सहा जणी जाग्या झाल्या. सातवी, सगळ्यांत जुनी, जागी झाली नाही. तिचं नावही कुणाला आठवेना. राजा रोज तिच्यापाशी बसतो. त्या विणशाळेत पुन्हा कुणाचा दगड झाला नाही.

बायांनो, तुमच्या शेजारी कुणी राबत असेल, तर पानावर बसण्याआधी तिला विचारा, आणि ती बोलेपर्यंत थांबा. एवढा वसा घ्या.