करंजगाळच्या बिननावाच्या मांजरी

करंजगाळात घरटी मांजर आहे, पण एकाही मांजराला नाव नाही. पाहुण्याने कौतुकाने 'मनी' म्हणून हाक मारली, तर देवळाचे म्हातारे गुरव सोनूकाका त्याला पायरीवर बसवून घेतात आणि समोरचा पडका चौथरा दाखवतात.

तिथे खोताचे घर होते, असे सांगतात. खोताला अंगणात रानाच्या रक्ताचे जनावर मिरवायचे होते. गावात तुळसा कुंभारीण एकटी राहायची. तेव्हा मांजरांना नावे असत. तिच्या मांजरीचे नाव गोजी. खोताच्या गड्यांनी गोजीला उचलून नेले आणि ती माजावर आल्यावर रानाच्या कडेला खुंटाला बांधले. रानबोका आला. तीन दिवस गोजी ओरडत होती, तुळसा कुंपणापलीकडून ऐकत होती. पुढे एक पिल्लू झाले आणि गोजी त्याच खुंटाशी मेली.

पिल्लू लांब पायांचे, अंगावर पट्टे. नाव ठेवले की जनावराचे रान सुटते आणि ते माणसाळते, अशी खोताची समजूत. त्याने थाटात बारसे मांडले आणि तुळसाला बोलावणे धाडले.

"मी याचा बाप, म्हणजे तू आत्या झालीस. सांग कानात, राजा म्हणून."

बायका पदराआड हसल्या. तुळसा पाळण्यावर वाकली. तिने 'राजा' म्हटलेच नाही. "तुझ्या आईला खुंटाला बांधणारा तो. तोंड ओळखून ठेव," असे तिने म्हणे तीनदा सांगितले.

"सांगितलंस का गं?"

"सांगितलं. विसरायचा नाही तो."

वर्षभर खोत 'राजा, राजा' करत राहिला आणि ते साखळीला बांधलेले गुरगुरत राहिले. तुळसा रोज कुंपणाशी येऊन उभी राही. दसऱ्याला पाहुण्यांपुढे खोताने साखळी सोडून त्याला मांडीवर घेतले. त्याने खोताचे दोन्ही डोळे फोडले आणि सरळ रान गाठले.

आंधळा खोत उरलेला जन्म तुळसाकडे माणसे पाठवत राहिला. कानात काय सांगितलेस? तिचे एकच उत्तर असे: "त्यालाच विचारा."

आजही करंजगाळात मांजराच्या कानाशी कोणी तोंड नेत नाही. परवा शहरातले एक जोडपे पिंजऱ्यात ठिपक्यांचे पिल्लू घेऊन आले. रानमांजराच्या संकराचे, खास मागवलेले. सोनूकाकांनी गळपट्ट्यावरचे नाव वाचले आणि शांतपणे विचारले,

"आणि याच्या आईला कुठं बांधलं होतं?"