उंबरांच्या झऱ्याला ओ

पूर्वी विंध्याच्या पायथ्याशी एक राजा राज्य करीत असताना, तिथल्या रानात एका पहाटे झऱ्याकाठचे बेडूक ओरडले नाहीत. एवढेच झाले. त्या जन्मी बोधिसत्त्वाने भेकराच्या, म्हणजे भुंकणाऱ्या लहानशा हरणाच्या, मादीचा देह घेतला होता. तिचे नाव ताम्रा. पान पडले तरी ती दचके, भुंके, आणि रान तिला हसे.

दचकतच ती उगमापर्यंत चढून गेली. तिथले उंबर उभे वाळले होते. गव्यांनी साली सोलून खाल्ल्या होत्या, हरणांनी खालचे कोंब कुरतडले होते. सावली गेली तसे पाणी आटत होते. ताम्राचे पाडस नुकतेच पाणी प्यायला शिकले होते.

त्या रानात इशारा ज्याच्या त्याच्या कळपापुरता असे. परक्या हाकेला कोणी ओ देत नसे. तरी ताम्रा भुंकली.

"आज काय पडलं, पान की फूल?" चितळांचा नायक चित्रक म्हणाला.

"झरा मरतोय, दादा."

"तो गव्यांच्या हद्दीत. त्यांना सांग."

गव्यांचा नायक कृष्णशृंग रवंथ करीत होता. "झाडं आमची, बाई. आणि कोंब कोणी खाल्ले?"

ताम्राने मान ताठ केली. "मीही खाल्ले. आजपासून नाही खाणार. पण माझं दिवसभराचं चरणं तुमच्या एका घासात जातं, म्हणून तुमच्यावर भार जास्त. हद्द तुमची असेल, तहान सगळ्यांची आहे."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर मी उगमापाशी उभी राहीन. कोणी साल ओढली की भुंकेन."

ती उभी राहिली. कोवळे कोंब पायांशी होते, तिने वाळके गवत खाल्ले. चितळे आधी हसली. मग चित्रकाने आपला कळप कोंबांपासून दूर वळवला.

एका सकाळी कृष्णशृंग पाण्यावर आला. ताम्राच्या बरगड्या दिसत होत्या, आणि तिच्या खुरांमधला कोंब गुडघ्याएवढा झाला होता. त्याने तो कोंब हुंगला, पण खाल्ला नाही. इतक्यात एका तरुण गव्याने साल ओढली. ताम्रा बसलेल्या आवाजात भुंकली.

आणि कृष्णशृंगाने मान वर करून खोल हंबरून तिला ओ दिली. तरुण गव्याच्या तोंडातून साल गळून पडली.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा चित्रक म्हणजे आजचा भिक्षू सुमन, कृष्णशृंग म्हणजे ज्येष्ठ भिक्षू थेर महाबल, आणि ताम्रा मीच होतो." सर्वांचे जे आहे ते राखताना आपला वाटा आधी उचलणे, हीच इथली वीर्यपारमिता, म्हणजे न थकता केलेल्या प्रयत्नाची पूर्णता.