महाराजांचं तडकलेलं मडकं

“बिल्ला नाही? मग औषधही नाही! चल, नीघ!” तांबडगडच्या राजवैद्यानं म्हादबा कुंभाराला दारातूनच हाकललं. औषधशाळा होती ती राजवाड्याचा पितळी बिल्ला असलेल्यांची. बाकीच्यांनी आजारी पडायचं ते आपल्या हिमतीवर! म्हादबाचा उजवा हात मडकी भाजताना चांगलाच पोळला होता. तो बरा झाला नाही तर चाकावर बसणार कोण? त्याची लेक गोजरी अशी काही भडकली, की बापाला घेऊन थेट दरबारातच उभी राहिली.

राजा रणधीर हेकट म्हणजे किती हेकट! सगळं ऐकून म्हणाला, “सगळ्यांना औषध हवं काय? देऊ की! पण आजाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, माझ्या सरकारी कोठारातला दाणा जादा जाणार नाही आणि वैद्यबुवा उपाशी राहता कामा नयेत. सांग कसं ते! नाही जमलं तर पुन्हा इथं तोंड दाखवायचं नाही.”

“एवढंच ना, महाराज? सुगीला औषधशाळेसाठी घरटी एक पायली धान्य घ्या. माणूस धडधाकट असताना!”

“अगं वेडे, धडधाकट माणूस देईल कशाला? मलाच बघ. वीस वर्षांत साधी शिंक नाही आली. मी का म्हणून द्यावं?”

गोजरी गालातल्या गालात हसली. “आज आमच्या आळीचा मडकी भाजायचा आवा पेटायचाय, महाराज. त्यात एक मडकं तुमचं राहू द्या.”

राजाला गंमत वाटली. कुंभारआळीत येऊन त्यानं चांगलं जाडजूड कच्चं मडकं निवडलं आणि त्यावर आपली मुद्रा उठवली. सगळ्या आळीची मडकी एकाच आव्यात रचली जात होती.

“दहा-पाच तडकतातच,” गोजरी म्हणाली. “कुणाची, ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक घर एक मडकं जादाचं घालतं. ज्याचं तडकेल त्यानं त्यातलं उचलायचं. तुमचंही घालू का जादाचं?”

“छट्! राजाचं मडकं तडकत नसतं!”

दुसऱ्या दिवशी आवा निवला. राख बाजूला सारली आणि बघतात तर काय, मुद्रेच्या मधोमध ही एवढी चीर! शेजारच्या सारजाआजीचंही मडकं तडकलं होतं. तिनं जादाच्यातलं एक उचललं, टिचकी मारून बघितलं आणि ती घरी चालती झाली.

“मलाही दे एक!” राजा म्हणाला.

“तुम्ही जादाचं घातलं नव्हतं, महाराज.”

“मग आत्ता घालतो!”

“आवा उघडल्यावर?” गोजरीनं कमरेवर हात ठेवले. “आणि काल तर तुमचं मडकं अगदी धडधाकट होतं की हो!”

राजाबरोबर आलेले वैद्यबुवा हळूच मागं सरकले. राजानं एकदा चिरेकडे बघितलं, एकदा गोजरीकडे, आणि पोट धरून असा हसला, असा हसला, की मुकुट सावरायला दोघं धावले!

“हरलो बाई! यंदाच्या सुगीची पहिली पायली माझ्या घरची! आणि बिल्ल्याची अट आजपासून रद्द. आता तुझं बक्षीस माग.”

“आबांचा हात.”

“वैद्यबुवा, बघत काय बसलात? पळा, लेप आणा!” राजा डोळे पुसत म्हणाला. “पण पोरी, माझ्या मडक्याचं काय?”

“आबा देतील की घडवून! हात बरा होईपर्यंत तेवढं तांब्यानं पाणी प्या, महाराज!”