सशिणीची उचकी

माळाला लागून असलेल्या एका जंगलात एक सशीण राहत असे. पान पडले तरी दचकणारी. पिल्ले गवतात दडवायची आणि आवाज न करता त्यांच्याकडे जायचे-यायचे, एवढाच तिचा बचाव. अशा सशिणीला एके सकाळी उचकी लागली, ती दुसरा दिवस उजाडला तरी थांबेना. त्या आवाजाच्या मागावर कोल्हा फिरू लागला. पिल्लांकडे जावे तर कोल्हा मागोमाग येणार, न जावे तर पिल्ले उपाशी. आता सांगा, अशा वेळी आईने काय करावे?

"माहेरचं कोणी आठवण काढत असेल गं," साळुंकी म्हणाली. "एकेकाचं नाव घे, बरोबर नावाला थांबेल." सशिणीने आई, मावशी, आत्या, अगदी चुलत आजेसासूचेही नाव घेतले. नातेवाईक संपले, उचकी संपली नाही. मग माकडाने मागून येऊन "भॉक" केले. ती उंच उडाली आणि उचकी देतच खाली आली. "अरे, हिला काय दचकवतोस? ही तर जन्माची दचकलेली," साळुंकी म्हणाली.

सशीण हसली नाही. "माझी एवढी आठवण काढणारं कोणी असतं, तर एव्हाना भेटायला आलं असतं. हे कशानं झालं, ते मीच शोधते." ती आठवू लागली. काल कुत्र्याच्या भीतीने ती वाळलेल्या कुसळी गवतातून पळाली होती, तेव्हापासून डावा कान ठणकत होता. तिने पंजाने तो दाबला, तर उचकीवर उचकी. म्हणजे दुखणे गळ्यात नव्हतेच, कानात होते. पण कानात इतके खोल पोचणार कोण? पलीकडे म्हशीच्या पाठीवर बसून कावळा तिच्या कानातले गोचीड टिपत होता. कावळे सशाची पिल्ले उचलतात, हे सशिणीला ठाऊक होते. तरी ती पुढे गेली.

"कावळेदादा, माझ्या कानात कुसळ गेलंय. काढाल?"

"काढीन की. पण हललीस तर कान फाटेल. आणि तू तर वाऱ्यालाही उडतेस."

"आज नाही उडणार."

चोच कानात शिरली. म्हशीने शेपटी फटकारली, माशांचा थवा उठला. सशिणीने डोळे मिटून पंजे मातीत रोवले आणि ती तसूभरही हलली नाही. कावळ्याने लांबलचक कुसळ बाहेर ओढले आणि उचकी थांबली. सांजावताना कोल्हा कान टवकारून झुडपाआड बसला होता. त्याच्या पाठीमागून सशीण गेली, तरी त्याला पत्ता लागला नाही. पिल्ले चुरूचुरू दूध पिऊ लागली.

तात्पर्य : ऐकीव उपाय करत बसण्यापेक्षा दुखण्याचे मूळ शोधावे, आणि ते सापडले, की भीत भीत का होईना, उपटायला पुढे व्हावे.