पिटुकलीच्या बाहुलीचं घर

“पिटुकले!”
दचकी उंदरीनं लेकीला हाक मारली.
रोज लगेच ओ यायची. आज आलीच नाही.
“पिटुकले गं!”
नाहीच.

दचकी दचकली. तुरुतुरु बिळाबाहेर आली. बघते तर काय! काड्यापेटीचं बाहुलीघर एकदम चपटं. गाय गेली होती वरून. थप्प!
कापसाची बाहुली उघड्यावर. आणि पिटुकली? ती बिळातच, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. हसेना. बोलेना.

“नवं घर करू हं, सोनुले,” दचकी म्हणाली.
पण कसलं करू? पानाचं? उडून जाईल. बाटलीचं? आत गुदमरेल. करवंटीचं? हो, करवंटीचंच! कशी घट्टमुट्ट!
तिनं करवंटी पालथी घातली. छान गोल घर झालं. पण दार कुठाय?

दचकी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. झाडावर होता सुतारपक्षी. टक टक टक!
“उई!” दचकी दचकली. मग म्हणाली,
“सुतारकाका, दार पाडा ना.
दार झालं की घर होईल.
घर झालं की पिटुकली बोलेल.”
“छे छे! करवंटी डुगडुगते. चोच घसरेल माझी. कुंभारीणताईनं खाली जोतं लिंपलं, तर पाडतो.”

दचकी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. भिंतीवर होती कुंभारीण माशी. मातीची घरं बांधणारी. गुंई गुंई गुंई!
“उई!” दचकी दचकली. मग म्हणाली,
“कुंभारीणताई, जोतं लिंप ना.
जोतं झालं की दार होईल.
दार झालं की घर होईल.
घर झालं की पिटुकली बोलेल.”
“कशानं लिंपू? माती बघ, कशी खडखडीत! बेडूकदादानं पाणी आणलं, तर लिंपते.”

दचकी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. तळ्यात होता बेडूक. डराँव डराँव!
“उई!” दचकी दचकली. मग म्हणाली,
“बेडूकदादा, पाणी आण ना.
पाणी आलं की जोतं होईल.
जोतं झालं की दार होईल.
दार झालं की घर होईल.
घर झालं की पिटुकली बोलेल.”
“एवढ्या उन्हात? टाळकं तापेल की माझं! शिंपीणमावशीनं छत्री शिवली, तर आणतो.”

दचकी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. झुडपात होती शिंपीण चिमणी. पानाला पान शिवणारी. टुविट टुविट!
“उई!” दचकी दचकली. मग म्हणाली,
“शिंपीणमावशी, छत्री शिव ना.
छत्री झाली की पाणी येईल.
पाणी आलं की जोतं होईल.
जोतं झालं की दार होईल.
दार झालं की घर होईल.
घर झालं की पिटुकली बोलेल.”
“चोच आहे, पान आहे. दोरा कुठाय गं बाई? कोळीआजीनं दोरा दिला, तर शिवते.”

कोळीआजी?
दचकीचे पायच हलेनात. आठ पाय! आठ डोळे! बाप रे!
पण पिटुकली बोलत नव्हती ना.
दचकी निघाली. तुरु… तुरु… तुरु…
कोपऱ्यात होती कोळीआजी. काही आवाज नाही. दचकीनं डोळे गच्च मिटले आणि म्हणाली,
“कोळीआजी, दोरा दे ना.
दोरा मिळाला की छत्री होईल.
छत्री झाली की पाणी येईल.
पाणी आलं की जोतं होईल.
जोतं झालं की दार होईल.
दार झालं की घर होईल.
घर झालं की पिटुकली बोलेल.”

“दोरा काय, देते की,” कोळीआजी म्हणाली. “पण आधी बस जरा. सगळे येतात, दचकतात, पळतात. कुणी बसतच नाही गं माझ्यापाशी.”
दचकी बसली.
धडधड, धडधड.
एक डोळा उघडला.
धड… धड…
दुसरा डोळा उघडला. आजी हसत होती.
“लेक रुसलीय होय?”
“हो ना. ओच देत नाही.”
“देईल हं. देईल.”
दोघी बसल्या. गप्प. छान वाटलं.

मग आजीनं दोरा दिला. सर सर सर!
मावशीनं छत्री शिवली. टुविट टुविट!
दादानं गाल भरून पाणी आणलं. डराँव डराँव!
ताईनं जोतं लिंपलं. गुंई गुंई गुंई!
काकांनी दार पाडलं. टक टक टक!
झालं घर!

दचकीनं बाहुली दारात ठेवली. आणि झाडामागे जाऊन उभी राहिली.
बिळातून एक नाक आलं. मग मिशा. मग अख्खी पिटुकली!
बाहुली घरात गेली. पिटुकली घरात गेली. शेपटीसुद्धा आत गेली.
सगळं शांत.
दचकी हळूच दाराशी आली.
“पिटुकले…”
काही नाही.
“पिटुकले गं, आहेस का घरात?”
आणि आतून आवाज आला,
“ओ, आई!”